पाईप कोणी धरला होता?

मी या पानावर काही लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते दुपारच्या सुट्टीत, डबा खाता खाता, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. आमच्या घरात देव्हारा कधीच नव्हता. वडील फिटर होते. लहानपणी वस्तीत कुणी भुताची गोष्ट सुरू केली की ते शांतपणे विचारायचे, "स्वतः पाहिलेला माणूस कोण? त्याला घेऊन या, चहा पाजतो." तो माणूस कधी आलाच नाही... कायम कुणाच्या तरी मावसभावाच्या शेजाऱ्यानं पाहिलेलं असायचं. मी त्या घरात वाढले आणि आजही माझं मत तेच आहे.

तरी लिहिते आहे, कारण मला राग आला आहे.

गेले काही महिने हुबळी-धारवाडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात स्टेजवरचा लाइटचा पाईप पडला, पण 'एका मॅडमना दैवी संकेत मिळाला' आणि सगळ्या मुली वाचल्या, असा. खाली जोडलेल्या हातांची चित्रं. ती मॅडम मी. मला कसलाही संकेत मिळाला नव्हता. मी दोन महिने आधी लेखी रिपोर्ट दिला होता.

तेव्हा जे घडलं ते क्रमानं सांगते. त्यात एक गोष्ट अशी आहे जिचा उलगडा मला होत नाही. ती लपवणार नाही. पण तिच्या आडून कुणी हात झटकत असेल, तर ते मी चालू देणार नाही.

माझं नाव सुजाता. तारिहाळच्या एका कारखान्यात आम्ही क्रेनला लागणाऱ्या तारा, साखळ्या, हूक बनवतो. मी टेस्टिंगला आहे. तार ताणायची, तुटेपर्यंत ताणायची, आणि ती कुठे, कशी तुटली ते लिहायचं... चौदा वर्षं हेच करते आहे. माझी भाची प्रज्ञा — भावाची मुलगी — हुबळीतल्या एका संस्थेच्या शाळेत पाचवीला आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

शाळेच्या आवारात संस्थेचं सभागृह आहे. साडेतीनशे खुर्च्या, तीसेक फूट रुंद स्टेज. पुढच्या पडद्याच्या मागे, वर, एक आडवा लोखंडी पाईप, त्याला आठ जड लाइट. हा पाईप चार बारीक तारांवर लटकतो. तारा छताखालच्या पुल्यांवरून उजव्या भिंतीकडे येतात, विंगेत खाली उतरतात आणि एका लोखंडी कडीत एकत्र होतात. कडीला खालून एक जाड तार, आणि ती जाड तार भिंतीवरच्या, हाताने फिरवायच्या विंचला. हँडल फिरवलं की पाईप वर-खाली होतो. एवढंच यंत्र. सगळं वजन त्या जाड तारेवर. ती सुटली की कडी वर उडणार आणि पाईप खाली येणार. मध्ये अडवायला दुसरं काही नाही.

दिवाळीच्या आधी मुख्याध्यापक बाईंनी मला बोलावलं. "तुम्ही ह्याच कामात आहात ना, एकदा नजर टाका," म्हणाल्या. ते सगळं दाखवायला परसूअण्णा आले होते.

परसूअण्णा अळणावरजवळच्या एका खेड्यातले. जवानीत हुबळीला मजुरीला आले आणि या सभागृहात दोर ओढायच्या कामाला लागले. तीस-बत्तीस वर्षं पडदे, लाइट, सीनरी सगळं त्यांच्या हातावर वर-खाली झालं. तेव्हा सुताचे जाड दोर होते आणि तोलाला वाळूची पोती. मग संस्थेच्या कमिटीनं ते काढून विंच बसवली. अण्णांनी ती चालवायला नकार दिला, आणि कमिटीनं त्यांना काम नसल्याचं पत्र दिलं. त्या दिवशी बाईंनी मुद्दाम गावाहून बोलावून घेतलं होतं.

"बाय, तू तारंचं काम करतीस न्हवं? ही तार बघ," म्हणाले. "बोअरात मोटर सोडायची तार हाय ही. माणसाच्या डोक्यावर टांगायची न्हवं."

मी शिडी लावून वर गेले. ते म्हणाले ते बरोबर होतं. तारेवर प्लास्टिकचं आवरण होतं, आणि असलं आवरण म्हणजे आतला गंज झाकायची सोय. एका जागी मी ते कापून पाहिलं तर आत तांबडा भुगा. माणसांच्या डोक्यावर काही टांगायचं तर तार वजनाच्या दहापट ताकदीची घ्यावी, तिच्याबरोबर टेस्टचा कागद असावा, पुलीचा व्यास तारेला साजेसा असावा... इथे पुल्या विहिरीच्या रहाटाला लावतात तेवढ्या. विंच होती जीप-ट्रॅक्टर चिखलातून ओढायची. ओढायची विंच आणि उचलायची विंच यात फरक असतो. ओढणारीला वजन हवेत धरून ठेवायचा ब्रेक नसतो. एकाही लाइटला, हूक सुटला तर धरून ठेवायला, वेगळी साखळी नव्हती.

आणि कडीजवळच्या क्लिप! जाड तार कडीतून वळवून तिचं टोक तारेलाच क्लिपांनी आवळतात. तिथे निदान तीन क्लिप हव्यात, आणि वजन घेणाऱ्या तारेवर क्लिपची सपाट बाजू यायला हवी. इथे दोनच होत्या, दोन्ही उलट्या. उलट्या क्लिपा तार धरत नाहीत, चावतात.

"हे कुणी बसवलं?" मी खाली उतरून विचारलं.

"पंप बसवणारा मिस्त्री," अण्णा म्हणाले. "मी सांगितलं त्यास्नी. सेक्रेटरी म्हणाले, परसू, तुझं काम गेलं म्हणून तू बोलतोयस."

मी चार पानी रिपोर्ट लिहिला. पहिलंच वाक्य : हा पाईप आज खाली उतरवावा आणि तारा, क्लिप, विंच बदलेपर्यंत वर नेऊ नये. तो घेऊन मी स्वतः संस्थेच्या सेक्रेटरींकडे गेले. सभ्य माणूस, पांढरा शर्ट, बोलायला मऊ. दोन पानं उलटली आणि म्हणाले, "मॅडम, कारखान्याचे नियम शाळेला कशाला? आमच्याकडे काय क्रेन आहे का?"

"सर, क्रेनच्या खाली माणसाला उभं राहू देत नाहीत. तुमच्या पाईपखाली मुलं नाचतात."

"इतकी वर्षं काही झालं नाही की."

"इतकी वर्षं तिथे परसूअण्णा होते."

ते हसले. रिपोर्ट ड्रॉवरमध्ये ठेवला. "कमिटीपुढे ठेवतो," म्हणाले.

महिन्याभरानं प्रज्ञाकडून निरोप आला की स्टेजचं सगळं सामान नवीन केलंय. मुख्याध्यापक बाईंनीही फोनवर तेच सांगितलं. त्यांना कमिटीनं तसंच सांगितलं होतं. मी जाऊन बघायला हवं होतं. गेले नाही. त्या हसण्याचा अपमान डोक्यात होता... म्हटलं, आता बोलावतील तेव्हा जाईन. माझ्या रागातला निम्मा राग माझ्यावर आहे तो याचसाठी.

दरम्यान गावी परसूअण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. मी एकदा भेटून आले. उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. खाटेवरून उठवायला त्यांची बायको शांताक्का आणि मुलगा, दोघं लागायचे.

स्नेहसंमेलन डिसेंबरात होतं, दुपारी अडीचला. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि भाऊ-वहिनीबरोबर तिसऱ्या रांगेत बसले. पडदा पहिल्यांदा सरकला तशी मान वर केली. पाईप काळा कुळकुळीत, चकचकीत दिसत होता, तारा पण काळ्या. नवीन वाटलं. बरं वाटलं.

चारच्या सुमाराला प्रज्ञाच्या वर्गाचा नाच सुरू झाला. झाडं वाचवा असा विषय, कन्नड गाणं, हिरव्या साड्यांतल्या बावीस मुली. पडदा सरकला आणि त्याच क्षणी पाईप वीतभर खाली आला. हिसका बसून थांबला. लाइट डुलले. लोकांना वाटलं असेल, पडद्याच्या धक्क्यानं हललं. मला तसं वाटलं नाही. चौदा वर्षांत मी एवढं शिकले आहे की टांगलेलं वजन असं आपोआप वीतभर उतरत नाही.

मी उठले आणि बाजूच्या दारानं उजव्या विंगेत गेले.

तिथे विंच होती. विंचखाली फरशीवर जाड तार वेटोळं होऊन पडलेली होती. सैल. तिचं वरचं टोक माझ्या पायाशी. टोकाला दोन क्लिपांनी चावल्याच्या खुणा, आणि खरवडलेल्या काळ्या रंगाखाली जुनं प्लास्टिक. त्यांनी काहीही बदललं नव्हतं. रंग दिला होता.

मग मी वर पाहिलं.

कडी माझ्या डोक्याच्या हातभर वर, हवेत होती. तिच्यात वरून चार तारा ताठ उतरलेल्या. आणि तिच्या खाली काही नव्हतं. सव्वाशे किलोच्या आसपासचं वजन त्या कडीला वर खेचत होतं, आणि कडी जागेवर होती.

अगदी स्थिर नव्हती, हेही सांगते. ती थरथरत होती. बोटभर वर जायची, पुन्हा बोटभर खाली यायची. जड पोतं धरून दमलेला माणूस पकड सावरतो ना, तशी. मी कडीखालून हात फिरवला. दोरा नाही, खिळा नाही, काही नाही. भिंत दोन फूट लांब.

तिथे किती वेळ उभी राहिले? नंतर व्हिडिओवरून हिशोब केला... दहा-बारा सेकंद. त्या दहा सेकंदांत मी काहीही विचार केला नाही. नंतर डोक्यात एकच आलं : मुली.

विंगेच्या तोंडाशी नाच बसवणाऱ्या शोभा टीचर उभ्या होत्या. मी म्हटलं, "टीचर, मुलींना बाहेर काढा. पाईपची तार सुटलीय."

त्यांनी वर पाहिलं. पाईप जागेवर दिसत होता. "आता दोनच मिनिटं राहिलीत, मॅडम. पालक बसलेत..."

मी चपला काढल्या आणि स्टेजवर गेले. ओरडले असते तर मुली घाबरून तिथेच थबकल्या असत्या. प्रज्ञा पहिल्या ओळीत होती. तिचा हात धरला आणि म्हटलं, "शेजारणीचा हात धर. सोडू नको. नाचत नाचत माझ्यामागं ये."

"आत्या, पण अजून..."

"नाचत ये."

आली. तिच्यामागे एकेक करत सगळ्या आल्या. ऑफिसच्या पंजाबी ड्रेसमधली मी पुढे, मागे हिरव्या साड्यांची रांग, असं आम्ही डाव्या विंगेत शिरलो. लोकांना तो नाचाचाच भाग वाटला. त्यांनी ठेक्यात टाळ्या धरल्या. पहिल्या रांगेतले सेक्रेटरी मात्र उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा मला दिसला. चिडले होते... कार्यक्रम बिघडवला म्हणून.

डाव्या विंगेत मी मोजल्या. बावीस. पुन्हा मोजल्या. बावीस. गाणं चालूच होतं, स्टेज रिकामं, आणि तो पाईप अजून वर.

तेव्हा माझ्या कानामागून आवाज आला, "बाय, येक पोर ऱ्हायलीय गे."

वळून न बघताच मी विचारलं, "कुठं?"

"डोंगर."

आवाज दमलेला होता. श्वास कोंडून बोलल्यासारखा. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही, कारण आवाज ओळखीचा होता. तार दाखवताना परसूअण्णा मला असंच सांगत होते... थोडक्यात.

स्टेजच्या मधोमध पुठ्ठ्याचा आणि हिरव्या कापडाचा डोंगर होता. मला तो निव्वळ देखावा वाटला होता. मी धावले, कापड उचललं. आत पहिलीतली एक मुलगी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. गाणं संपेपर्यंत हलायचं नाही असं तिला सांगितलेलं, आणि ती शहाण्या मुलीसारखी हलली नव्हती. मी तिला कापडासकट उचललं आणि उजवीकडे पळाले. विंगेच्या कडेला पोचले असेन नसेन, तोच मागे पाईप पडला.

तो आवाज मी वर्णन करून सांगणार नाही. आमच्या टेस्टिंगच्या खोलीत मी असे आवाज रोज ऐकते, पण तिथे खाली कुणी नसतं. लाइटच्या काचा तिसऱ्या रांगेपर्यंत उडाल्या. पाईपच्या एका टोकानं स्टेजची फळी फोडली. डोंगराचा पुठ्ठा चपटा झाला होता.

माझ्या हातातली पोर कापडातून डोकं बाहेर काढून म्हणाली, "हाडु मुगीतेनु?"

गाणं संपलं का, असं विचारत होती ती. मी म्हटलं, "मुगीतव्वा." संपलं गं बाई. आणि मग मला रडू आलं.

विंगेत गर्दी झाली. पालक, मास्तर, सेक्रेटरी. सेक्रेटरींचा चेहरा पांढरा पडला होता, पण तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं? "देवरु दोड्डांव." देव मोठा आहे. आणि शिपायाला म्हणाले, "आधी नारळ आण."

मी फरशीवरचं जाड तारेचं टोक उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

"हे बघा, सर. क्लिपा दोनच होत्या. उलट्या होत्या. मी लिहून दिलं होतं. तुम्ही तारेला रंग दिलात."

"मॅडम, आत्ता हे नको. मुलं वाचली ते..."

"रंग दिलात," मी पुन्हा म्हटलं. "गंज दिसू नये म्हणून. बावीस आणि एक, तेवीस मुली होत्या खाली. त्यातली एक माझ्या घरची आहे. बाकीच्या कुणाच्या तरी घरच्या आहेत."

त्यांनी टोक फरशीवर ठेवलं. नारळ मात्र फुटला. मुलींच्या देखत, त्या मोडक्या फळीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पंचनामा करायला आले तेव्हा मी तिथे होते. वर चढले. मला कारण हवं होतं. एखादी तार पुलीत अडकली असेल आणि मग सुटली असेल, असं मी रात्रभर स्वतःला समजावत होते. पण चार तारांच्या चार आणि भिंतीजवळची एक, अशा पाचही पुल्या बोटानं फिरत होत्या. खाचेबाहेर एक ओरखडा नाही, प्लास्टिक कुठे चिरडलेलं नाही. तारा कशातही अडकल्या नव्हत्या. एका पालकाच्या मोबाइलचा व्हिडिओ मी चाळीसेक वेळा पाहिला. पाईप वीतभर खाली आला तिथपासून तो पडला तिथपर्यंत तीन मिनिटं आणि वर काही सेकंद जातात. तीन मिनिटं ते वजन कशावर होतं ते व्हिडिओत नाही. व्हिडिओ उजव्या बाजूनं घेतलेला, त्यामुळे उजवी विंग त्यात येत नाही. आणि मी डाव्या विंगेत उभी राहून मान न वळवता "कुठं?" म्हणते ते दिसतं. माझ्यामागे खुर्च्यांची चळत आणि भिंत आहे. माणूस नाही.

त्या आवाजाबद्दल मी घरी कुणालाच सांगितलं नाही.

तीन दिवसांनी शांताक्कांचा फोन आला. म्हणाल्या, "तू येऊन जा गे. ह्यांच्या हाताला काय झालंय ते कुणाला कळंना झालंय." त्यांना स्टेजवरचं काहीही माहीत नव्हतं. त्यांच्या घरी साधा फोन आहे, मेसेज येत नाहीत.

रविवारी मी धारवाडवरून बसनं गेले. अण्णा अंगणात खाटेवर, भिंतीला टेकून. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. शांताक्कांनी सोडून दाखवली. दोन्ही तळव्यांवर आडवे चार-चार वळ. खोल, कातडी सोललेली. वळांमध्ये बोटभर अंतर. त्या कडीच्या वर चार तारा जेवढ्या अंतरानं उतरतात, साधारण तेवढंच.

"त्या दिवशी दुपारी," शांताक्का सांगू लागल्या, "मी हितंच शेंगा सोलत बसले व्हते. शाळंतली पोरं घराकडं येत व्हती. हे एकदम उठून हुभे ऱ्हायले. महिनाभर आपणहून बसायलासुदिक येत न्हवतं, आणि हुभे ऱ्हायले. दोन्ही हात डोक्याच्या वर. डोळं उघडं, पर माझ्याकडं बघंनात. मी हलवलं तर खांबागत घट्ट. तोंडानं येकच... धरलंय, धरलंय, पोरास्नी काढा. लई वेळ. मग खाटंवर पडले. बघितलं तर हातातनं रगात."

मी काय केलं असेल? वडिलांची मुलगी आहे. आधी घराभोवती फिरून कपडे वाळत घालायची तार शोधली. मागच्या बाजूला एक होती. एकच, सैल, आणि तिच्यावर धूळ बसलेली. खाटेला सुंभ होता, तार नव्हती. शेजारच्या बाईंनीही त्यांना अंगणात हात वर करून उभं पाहिलं होतं. मी त्यांना वेगळं विचारलं. तेच सांगितलं. वेळ कुणी घड्याळात पाहिली नव्हती, पण तिथली शाळा चारला सुटते.

परत येऊन मी अण्णांपुढे बसले आणि पाईपचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते. बोलणं अजून जड होतं त्यांचं. मी शेवटी विचारलं, "अण्णा, तुम्ही तिथं होता?"

त्यांनी तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला न्हाई ठावं गे. सपान म्हणावं तर डोळं उघडं व्हतं. हातात वझं व्हतं. अंधार. आणि पोरींच्या पैंजणांचा आवाज."

"भीती वाटली?"

"न्हाई."

"देवाचं नाव घेतलंत?"

"देव कुठला. राग आला व्हता मला. मी सांगितलं व्हतं की त्यास्नी... सांगितलं व्हतं न्हवं? ऐकलं न्हाई. आता सोडलं तर पोरी जातील, आणि ह्ये म्हणतील परसूचंच काम व्हतं ते. म्हणून सोडलं न्हाई."

उजवा हात मी हातात घेऊन पाहिला. मूठ वळत नव्हती. आजही वळत नाही.

पुढचं थोडक्यात. पालकांची सभा झाली. सेक्रेटरी उभे राहून म्हणाले की देवाच्या कृपेनं मोठं संकट टळलं, आणि मॅडमनी तो अनुभव दोन शब्दांत सांगावा. मी उठले आणि रिपोर्टची चार पानं वाचली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत, मध्ये कुणाला बोलू दिलं नाही. त्या पहिलीतल्या मुलीचे वडील रिक्षा चालवतात. त्यांनी उभं राहून एवढंच विचारलं, "हे आमच्यापासून का लपवलं?" सामान बदलेपर्यंत मुलांना सभागृहात पाठवायचं नाही, असं पालकांनीच ठरवलं. मग मात्र कमिटी हलली. आता तिथे टेस्टचा कागद असलेली, प्लास्टिकचं आवरण नसलेली तार आहे, उचलायची विंच आहे, प्रत्येक लाइटला वेगळी साखळी आहे. मी स्वतः वाळूची पोती टांगून एक दिवस आणि एक रात्र पाईप तसाच ठेवला आणि मगच सही दिली. दर सहा महिन्यांनी बघायला जाते. सेक्रेटरी अजून सेक्रेटरी आहेत. पोलिसांची फाइल कुठे आहे, विचारलं की उद्या या म्हणतात.

आणि संस्थेच्या यंदाच्या वार्षिक पुस्तिकेत त्या दिवसाबद्दल एक परिच्छेद आहे. 'दैवी कृपेने' असा सुरू होतो. रिपोर्टचा त्यात उल्लेख नाही. परसूअण्णांचं नाव नाही.

मला विचाराल, तर त्या तीन मिनिटांचं कारण मला सापडलेलं नाही. पुल्या फिरत होत्या, कडीखाली काही नव्हतं, आणि पन्नास-साठ किलोमीटरवर एका अर्धांग झालेल्या माणसाचे तळवे सोलले गेले. या तीन गोष्टी मी पुन्हा पुन्हा शेजारी मांडून बघते. जुळत नाहीत. कुणाला जुळवता आल्या तर जरूर कळवा, मी ऐकेन.

पण त्याला कृपा म्हणू नका. ज्याचे हात सोलले त्या माणसाला मी समोर बसून विचारलं आहे. तो म्हणाला, राग होता. माझा त्याच्यावर विश्वास आहे.